कासव अंगणात कधी सोडायचं?

एप्रिल संपत आला की माझ्याकडे कासवांची पत्रं येऊ लागतात. या वेळी इतकी आली की या महिन्याचं सदर त्यांनाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगते. मी मूळची वाईची, वीस वर्षांपासून इंग्लंडात लेस्टरला राहते. आमच्या घरी ठमी नावाची हरमन जातीची कासवी आहे. आली तेव्हा माझ्या मुठीत मावायची, आता सतराव्या वर्षी काट्यावर १,१०० ग्रॅम भरते. मी प्राण्यांची डॉक्टर नाही. जे लिहिते ते ठमीला वाढवताना शिकलेलं आहे, आणि बरंचसं आमच्या गल्लीतल्या एका आजींकडून शिकलेलं. त्यांनी जन्मभर कासवं सांभाळली.

उत्तरांआधी एक खुलासा. आपल्याकडे विहिरीतलं, समुद्रातलं आणि रानातलं, तिन्हींना आपण ‘कासव’च म्हणतो. त्यामुळे मराठी घरात कासव आलं की कुणीतरी हमखास पाण्याचा टब आणतं. खाली ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ती जमिनीवरची कासवं आहेत. पाय हत्तीसारखे खांबाळ, बोटांना पडदा नाही. यांना पोहता येत नाही. खोल पाण्यात ठेवलं तर ती बुडून मरतात.

प्रश्न : ताई, नमस्कार. लेकीच्या नवव्या वाढदिवसाला आम्ही हरमन कासव आणलं. वय ४ वर्षं, लांबी ९ सेंटिमीटर, वजन १६० ग्रॅम. हिवाळाभर घरात लाकडी ट्रेमध्ये दिव्याखाली होतं. आता त्याला उन्हाळ्यासाठी बागेत घर करायचं आहे. मागे लहानसं लॉन आहे, पण दुपारी तीननंतर तिथे शेजारच्या घराची सावली पडते. सशाचा एक जुना पिंजरा फुकट मिळतो आहे. तो चालेल का? आणि रात्री बाहेर ठेवायचं का? (एक आई, स्लाव)

पिंजरा घेऊ नका. सशाचं घर पायांवर उभं असतं, आत अंधार असतो आणि समोरच्या जाळीतून वारा सरळ आत शिरतो. सशाला अंगावर केस आहेत, तो स्वतःची ऊब स्वतः तयार करतो. कासवाला ती सोय नाही. त्याला ऊब बाहेरून, उन्हातून घ्यावी लागते. अंधाऱ्या लाकडी खोलीत सकाळी ते गारठलेलंच बसून राहील, आणि गारठलेलं कासव खात नाही. फुकट मिळतोच आहे तर त्याच्या फळ्या आणि बिजागऱ्या काढून घ्या, खाली उपयोगी पडतील.

तुमच्या बागेची मला मुळीच काळजी वाटत नाही, कारण कासवाच्या दिवसात सकाळचं ऊन सगळ्यांत मोलाचं. ते आठ-नऊला बाहेर येतं, अंग तापवतं, मग चरायला निघतं. अठराव्या शतकात हँपशरमधल्या सेलबर्नचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांच्याकडे एक कासव होतं. कोवळं ऊन जास्तीत जास्त अंगावर यावं म्हणून ते भिंतीला टेकून कवच तिरकं करून बसतं, हे त्यांनी टिपून ठेवलंय. ठमी आजही तेच करते. तर आधी हातात काही न घेता एक दिवस नुसतं बागेत बघा. सकाळी नऊ, बारा आणि तीन वाजता ऊन कुठे आहे तिथे एकेक काठी रोवा. तिन्ही वेळी ऊन असलेला तुकडा, तोच कासवाचा.

त्या तुकड्यावर निदान २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद वाफा आखा. जागा असेल तर आणखी मोठा करा, लहान मात्र नको. कडेला जाड फळ्या लावा. जमिनीच्या वर ३० सेंटिमीटर आणि मातीत १५ सेंटिमीटर. जुन्या फळ्या घेत असाल तर क्रिओसोट (लाकूड टिकवायचं डांबरी औषध) मारलेल्या नकोत, त्याचा वास आणि विष दोन्ही वाईट. भिंत आरपार दिसणारी नको. मी पहिल्या वर्षी कोंबड्यांची जाळी लावली होती. पलीकडचं गवत दिसतं म्हणून ठमी दिवसभर जाळीला नाक घासत राहिली आणि तिच्या नाकाचं टोक सोललं. फळ्या लावल्या त्या दिवशी तिनं भिंत ही भिंत आहे हे मान्य केलं आणि शांतपणे खायला लागली.

माती हा भाग लोक उरकून टाकतात. तुमचं लॉन सपाट आणि ओलं असणार, त्यावर तसंच कासव सोडलं तर पावसाळी आठवड्यात पोटाचं कवच सतत ओलं राहतं. वरचा हिरवा थर काढा. बागेची माती तीन भाग आणि लहान मुलांच्या खेळण्यातली वाळू दोन भाग असं मिश्रण भरा, आणि एका बाजूला गुडघाभर नाही पण वीतभर उंचीचा उतार करा. उताराची वरची बाजू पावसानंतर तासाभरात सुकते, खालची ओलसर राहते. दोन्ही हव्यात. लहान कासवं फार कोरड्यात वाढली की पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात आणि ते पुढे कधीच जात नाहीत. म्हणून खालच्या कोपऱ्यात अर्धं कौल उलटं ठेवा, त्याखालची माती सकाळी झारीनं शिंपडा. ते तिथे जाऊन झोपेल. एक सपाट पाटीचा दगड ठेवा, तो उन्हात तापतो, त्यावर बसायला त्याला आवडतं, आणि खाणंही त्यावरच ठेवलं की चोच आणि नखं झिजत राहतात. पाण्यासाठी कुंडीखालची मातीची ताटली, पाणी २ सेंटिमीटरच्या वर नाही. ते त्यातच शी करेल, पाणी रोज बदलायचं.

आता घर. इंग्लंडात मेमध्ये दिवसा १५ ते १८ अंश असतं, आणि हरमन कासव इटली, दक्षिण फ्रान्स आणि बाल्कनचं. नुसत्या उघड्या वाफ्यात त्याला पुरेशी ऊब मिळत नाही. इथले अनुभवी लोक ‘कोल्ड फ्रेम’ वापरतात. रोपं वाढवायची बुटकी पेटी, वर दुपदरी पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे पारदर्शक कडक प्लास्टिकचं झाकण. ती वाफ्याच्या आतच, सकाळचं पहिलं ऊन पडतं त्या कोपऱ्यात ठेवा, तळ काढून टाका म्हणजे आतही माती राहील, आणि एका बाजूला १५ सेंटिमीटर रुंदीचं दार कापा. बाहेर १५ अंश असताना उन्हात आत सहज २५-३० होतं. कासव आत तापतं, बाहेर येऊन चरतं, पुन्हा आत जातं. ऊब किती घ्यायची हे त्याचं त्याला कळतं, आपण फक्त दोन्हीकडे वाट मोकळी ठेवायची.

बाहेर येणं मात्र झालंच पाहिजे. घरात खिडकीच्या काचेतून येणारं ऊन कासवाच्या हाडांच्या काही कामाचं नसतं, आणि कोल्ड फ्रेमच्या झाकणातूनही ते किरण फारसे येत नाहीत. उन्हातले यूव्हीबी किरण थेट अंगावर पडले की त्याच्या शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात जात नाही. हिवाळ्यात दिव्यानं ते काम भागवलं असेल. पण बागेतल्या एका स्वच्छ सकाळची सर दिव्याला नाही.

कोल्ड फ्रेमच्या झाकणाला आपोआप उघडणारा दांडा लावून घ्या. त्याच्या नळीत मेण असतं. तापलं की मेण फुगतं आणि झाकण उचलतं, गार झालं की आपोआप मिटतं. वीज नको, बॅटरी नको. ही वस्तू चैनीची नाही. का, ते सांगते. ठमीच्या पहिल्या उन्हाळ्यात मी तिला माशांच्या रिकाम्या काचेच्या टाकीत घालून फरशीवर ठेवलं होतं. बाहेर फक्त १९ अंश होतं, मला वाटलं काय होणार. वीस मिनिटांनी चहाचा कप घेऊन बाहेर आले तर ती कोपऱ्यात काचेवर नखं ओढत होती. तोंड उघडं, ओठांशी फेस, पुढचे पाय त्या फेसानं ओले. काचेच्या उघड्या टाकीतसुद्धा हवा हलत नाही आणि सावली कुठेच नसते, हे मला माहीत नव्हतं. मी तिला तशीच उचलून आजींकडे पळाले. त्यांनी भांडी घासायच्या टबात कोमट पाणी घेतलं, गार नाही, आणि तिची मान हातावर धरून तिला त्यात ठेवलं. पंधरा मिनिटांनी तिनं तोंड मिटलं. मग आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ती वाचली. पण कासवाच्या शरीराचं तापमान चाळिशीकडे गेलं की जीव जातो, आणि ते किती झटकन जातं हे मी डोळ्यांनी बघितलं. १९ जुलै २०२२ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंशांचा विक्रम झाला, त्या दिवशी मी ठमीच्या घराचं झाकण काढूनच ठेवलं होतं आणि वाफ्यावर ओलं गोणपाट टाकलं होतं. म्हणून एक किमान-कमाल तापमापक आत टांगा, आणि वाफ्याचा तिसरा हिस्सा कायम सावलीत राहील अशी झुडपं लावा. लॅव्हेंडर, रोझमेरी छान.

वरून जाळी लागणारच. ९ सेंटिमीटरचं कासव कावळा किंवा मॅगपाय सहज उलटवतो, आणि कोल्ह्याच्या तोंडात तर ते अख्खं मावतं. सशाच्या घराच्या फळ्यांची चौकट करा, तिच्यावर १३ मिलिमीटरची वेल्डमेश (वेल्डिंग केलेल्या तारांची जाळी) ठोका, बिजागऱ्या लावा, कडी घाला. कोंबड्यांची पातळ जाळी कोल्हा फाडतो.

रात्रीचं उत्तर सरळ आहे. या वर्षी, आणि पुढची दोन-तीन वर्षंही, संध्याकाळी आत आणा. कोल्हा रात्रीचा येतो, उंदीरही रात्रीचेच, आणि उंदीर झोपलेल्या कासवाचे पाय कुरतडतात. शिवाय रात्रीचं तापमान १० अंशांखाली जात असेल तोवर लहान कासवाला बाहेर ठेवू नयेच. लेकीला हे काम द्या. सहाच्या सुमाराला ते स्वतःच कौलाखाली जाऊन बसतं, शोधावं लागत नाही. आत आणताना रविवारी एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन घेऊन वहीत लिहायला सांगा.

आणि हो, विकणाऱ्यानं आर्टिकल टेनचं प्रमाणपत्र, म्हणजे संरक्षित प्राणी विकायची सरकारी परवानगी, दिलं होतं ना? हरमन कासव विकताना ते लागतंच. दिलं नसेल तर मागून घ्या आणि पासपोर्टांसोबत ठेवा.

प्रश्न : आमचा हॉर्सफील्ड कासव दोन वेळा कुंपणाखालून पळाला. एकदा चार दिवसांनी तिसऱ्या घराच्या बागेत सापडला. शेजारचे आजोबा म्हणतात, पूर्वी कवचाच्या कडेला भोक पाडून दोरी बांधायचे, तसं करा. करू का? (एक वाचक, मिल्टन कीन्स)

नका करू. हात जोडून सांगते. कवच म्हणजे नखासारखी मेलेली वस्तू नव्हे. आत जिवंत हाड आहे, त्याची पाठ आणि बरगड्या त्याच हाडाशी एकजीव झालेल्या आहेत. तिथे त्याला स्पर्श कळतो आणि दुखतंही. आजोबा खोटं बोलत नाहीत, एके काळी इथे खरंच असं करत. भूमध्य समुद्राकाठून कासवं खोक्यांनी भरून यायची, स्वस्त विकली जायची, बरीचशी पहिल्याच हिवाळ्यात मरायची. १९८४मध्ये युरोपनं ती आयात बंद केली. आमच्या आजींच्या एका म्हाताऱ्या कासवाला मागच्या कडेला असं भोक होतं. त्याची कड वर्षानुवर्षं दोरी घासून गुळगुळीत झाली होती. मी तिथे बोट फिरवलं होतं, ते अजून आठवतं.

हॉर्सफील्ड पळतो कारण तो मध्य आशियाच्या गवताळ पठारावरचा, कझाकस्तान-उझबेकिस्तानकडचा आहे. तिथला कडक उन्हाळा आणि त्याहून कडक हिवाळा तो बिळात काढतो. खणणं हा त्याचा स्वभावच. त्याला खणू द्या, पण तुम्ही ठरवाल तिथे. वाफ्याच्या मध्यावर माती-वाळूचा अर्धा मीटर उंच ढीग घाला, त्यात वरून फरशी ठेवून बिळाचं तोंड सुरू करून द्या. तो बाकीचं स्वतः करतो आणि मग कुंपणाचा नाद बराच सोडतो. कुंपण वरच्या उत्तरापेक्षा खोल, ३० सेंटिमीटर पुरा, आणि आतल्या बाजूनं कडेनं फरशा आडव्या बसवा. कोपरे तपासा. कासवं कोपऱ्यात दोन्ही भिंतींना पाय लावून चढतात, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर एक तिकोनी फळी झाकणासारखी ठोका. मायक्रोचिप बसवून घ्या, आणि कवचाचे वरून-खालून फोटो काढून ठेवा. प्रत्येकाची नक्षी वेगळी असते.

प्रश्न : मी सांगलीहून मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले आहे. मुलगा-सून कामावर गेले की बागेतलं कासव माझ्या भरवशावर. मी त्याला मेथी, काकडी, टोमॅटो देते, कधी पोळीचा तुकडा. मला बघून ते धावत येतं. मुलगा रागावतो. माझं काय चुकतं? (एक आजी, कोव्हेंट्री)

काकू, तुमचं प्रेम चुकत नाही, पोळी चुकते. कासवाला पोळी आणि टोमॅटो पचत नाही. गोड फळांनी आणि पिठानं कासवाच्या आतड्यांत आंबतं, जंत वाढतात. काकडीत नुसतं पाणी. मेथीची चार पानं कधीमधी द्या, कोथिंबीरही. पालक नको.

त्याचं खरं खाणं तुमच्या मुलानं लॉनमधून उपटून टाकलेलं तण आहे. पिवळ्या फुलाचं डँडेलियन, त्याचं पान-फूल सगळं. सो-थिसल. आणि लांबट, शिरा उठून दिसणाऱ्या पानांचं प्लँटेन. इथे प्लँटेन म्हणजे केळं नव्हे, तण आहे, मीही आधी फसले होते. सांगलीला तुमच्या दारात जास्वंद असेलच. तिची पानं-फुलं कासवाला फार आवडतात, इथे कुंडीत मिळाली तर आणा. तुतीचा पालाही चालतो. मुलाला सांगा, वाफ्यातच डँडेलियन आणि प्लँटेनचं बी पेरायचं, म्हणजे ते स्वतः फिरून चरेल. फॉक्सग्लव्ह, डॅफोडिल, बटरकप ही विषारी फुलझाडं मात्र वाफ्याच्या जवळपास नकोत. लॉनवर तणनाशक मारलेलं नसावं. आणि शेडमध्ये गोगलगायींसाठीच्या निळ्या गोळ्यांचा जुना डबा असेल तर तो वापरू नका. मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांवर इथे २०२२पासून बागेत बंदी आहे, पण जुने डबे घरोघरी पडलेत.

आता तुमच्याकडून एक काम हवं आहे, जे मुलगा-सून ऑफिसातून करू शकत नाहीत. आपल्याकडे म्हणतात ना, कासवी नजरेनंच पिल्लं पोसते. प्रत्यक्षात ती अंडी पुरून निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. पण इथे नजर तुमची लागणार आहे. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाखाली असतात. दगडावरून घसरून ते उताणं पडलं तर पोटातला सगळा भार फुप्फुसांवर येतो, आणि तसंच उन्हात राहिलं तर तासाभरातही जीव जाऊ शकतो. तेव्हा खुर्ची वाफ्याजवळ घ्या आणि दर अर्ध्या तासानं एकदा बघा. उताणं दिसलं तर अलगद सरळ करून सावलीत ठेवा. आणि आठवड्यातून दोनदा त्याला पसरट भांड्यात, हनुवटी बुडणार नाही इतक्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसवा. त्यात ते पाणी पितं आणि लघवी करतं. लघवीबरोबर पांढरं, दह्यासारखं काही येईल, घाबरू नका. ते मऊ असलं की ठीक. बोटाला वाळूसारखं खरखरीत लागलं तर पाणी कमी पडतंय असं समजा.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावर बाल्कनी आहे, कासव उन्हाळ्यात तिथे ठेवलं तर? (हॅरो)

चोवीस तास नाही. काँक्रीट तापतं, रेलिंगच्या फटीतून कासव सहज निघून जातं, आणि पडलं की कवच फुटतं. मोठ्या लाकडी पेटीत माती भरून, भिंती ३० सेंटिमीटर उंच ठेवून, सकाळी दोन तास तुम्ही शेजारी बसून असलात तर जरूर ठेवा.

प्रश्न : माझ्या भावानं ओळखीच्या माणसाकडून चांदण्यांच्या नक्षीचं छोटं कासव आणलं आहे, घरात भरभराट होते म्हणून. पुण्यात या मे महिन्यात गच्चीवर त्याच्यासाठी सावलीचं घर कसं करावं? (एक वाचक, पुणे)

याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण मनापासून देते. तुमच्या भावाकडे आहे ते भारतीय तारा कासव. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं हा गुन्हा आहे. माझी ठमी कागदपत्रांसह इथेच अंड्यातून निघालेली, परदेशी जातीची. तुमचं कासव बहुधा आंध्र-तमिळनाडूकडच्या किंवा गुजरातच्या माळावरून उचलून आणलेलं असणार. ही कासवं पोत्यांतून, बॅगांमधून इतकी पळवली गेली की २०१९मध्ये जगातल्या देशांनी मिळून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापारच बंद केला. त्यामुळे घर कसं बांधायचं हे मी सांगणार नाही.

महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा आणि स्वतः होऊन त्यांच्या हवाली करा. भीतीपोटी त्याला रात्री वेताळ टेकडीवर सोडून येऊ नका. ती त्याची जागा नाही, तिथे ते जगणार नाही, आणि त्याच्या अंगावरचा आजार तिथल्या प्राण्यांत जाईल. वन विभागाची माणसं येईपर्यंत त्याला गच्चीवरून खाली आणा. पुण्याच्या मे महिन्यात गच्चीची फरशी दुपारी हात टेकवत नाही इतकी तापते. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाशी वर्तमानपत्र घाला, घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवा. संध्याकाळी एकदा पसरट ताटलीत पाणी द्या, मूठभर कोवळं गवत आणि जास्वंदीची दोन पानं ठेवा. सारखं हातात घेऊ नका, मुलांनाही घेऊ देऊ नका. आणि भावाला ते कुणी दिलं हे वन विभागाला सांगायला लावा. त्याच माणसाकडे अजून खोकं भरून असतील.